तिघांशिवाय नाही

माझ्या घरमालकांनी देवळाची पायरी कधी चढली नाही, आणि चर्चचीही नाही. तरीही दर रविवारी सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, ते एक ख्रिस्ती प्रार्थना ऐकायला बसत. ख्रिस्ती लोक तिला मिस्सा म्हणतात. ही मिस्सा मात्र नेहमीची नव्हती. ती स्लाव लोकांच्या एका जुन्या धर्मभाषेत होती, आणि ती भाषा आज कोणाच्याही घरात बोलली जात नाही. मोठा गायकवृंद, एकेकटे गाणारे काही स्त्री-पुरुष, पितळी वाद्ये, नगारे आणि ऑर्गन असा तिचा पसारा होता. प्रार्थनेत माणूस मान खाली घालून काही मागतो, अशी आपली समजूत असते. या मिस्सेत कोणी मान खाली घालत नाही. सगळे जाब विचारल्यासारखे गातात. शेवटी गाणारे गप्प होतात आणि ऑर्गन एकटाच पिसाळल्यासारखा धावत सुटतो.

अहेरीतले लोक तिला ‘साहेबाचा कल्ला’ म्हणत.

साहेब वनखात्यातून निवृत्त झाले होते. मूळचे नागभीडकडचे, धानाची शेती असलेल्या घरातले. तरुणपणी खात्याने त्यांना वनशास्त्र शिकायला पूर्व युरोपातल्या एका देशात पाठवले. तिथून त्यांनी दोन गोष्टी आणल्या : एक खोकला आणि या मिस्सेची रेकॉर्ड. दोन्ही त्यांना शेवटपर्यंत पुरल्या.

मी बांधकाम खात्यात शाखा अभियंता होतो. बदलीवर अहेरीला आलो आणि त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या पाहायला गेलो. भाड्याचे बोलणे लगेच संपले. मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

“लग्न?”

“नाही.”

“दारू?”

“नाही.”

“रविवारी सकाळी का करता?”

“विशेष काही नाही.”

“मग इथी येऊन बसा. समोरच्या खोलीत. ते भाड्यातच आहे असं समजा.”

मला वाटले, सत्संग असावा. मी म्हणालो, “मला अध्यात्मात रस नाही.”

“मलेही नाई,” ते म्हणाले. “म्हणून तर बोलावून राह्यलो.”

पहिल्या रविवारी माझे डोके दुखले. दुसऱ्या रविवारीही दुखले. ते दुखणे कधी थांबले, हे मला सांगता येणार नाही. एवढे आठवते की सिरोंचा रस्त्यावर एका पुलाच्या पायाचे काम पाहत मी उभा होतो आणि माझा पाय आपोआप ठेका धरत होता. मुकादमाने ते पाहिले. “साहेब, मुंगळे चावून राह्यले का?” त्याने विचारले. मी हो म्हणालो.

समोरच्या खोलीत सागवानी लाकडाच्या दोन पेट्या होत्या. त्या स्पीकरच्या पेट्या साहेबांनी लाकूड डेपोजवळच्या सुताराकडून, त्याच्या डोक्यावर उभे राहून, करून घेतल्या होत्या. सागवानाचा ओंडका ते बोटाच्या पेराने ठोकून पाहत आणि कान लावत. माणसांचे आवाजही ते तसेच पारखत. मिस्सेतल्या खालच्या पट्टीच्या पुरुषांना ते ‘साग’ म्हणत. एकट्या गाणाऱ्या पुरुषाला ‘बिजा’ म्हणत, कारण बिजाच्या लाकडाला घाव घातला की लाल पाणी येते. एकट्या गाणाऱ्या बाईला त्यांनी झाडाचे नाव दिले नव्हते. “तिले झाड नाई,” एवढेच ते म्हणत.

ऐकण्याचे नियम कडक होते. चहा आधी व्हायचा. रेकॉर्ड सुरू असताना कोणी बोलायचे नाही, उठायचे नाही. कोणी बोलले, किंवा अहेरीत नेहमी होते तशी लाइन गेली, तर पुन्हा पहिल्यापासून. सुई जिथे थांबली तिथून पुढे लावायची नाही. पावसाळ्यात असे अनेक रविवार गेले की आम्ही सकाळी बसलो आणि दुपार टळेपर्यंत पहिल्या भागाच्या पलीकडे पोहोचलो नाही. साहेबांना त्याचे काही वाटत नसे. संपल्यावर कोणी ‘छान’ म्हणायचे नाही, हाही नियम होता. गडचिरोलीहून आलेले एक मोठे अधिकारी एकदा तसे म्हणाले. साहेबांनी त्यांच्या हाती त्यांच्या चपला दिल्या. शब्दशः दिल्या, उंबऱ्यातून उचलून.

आणि सगळ्यात वरचा नियम असा की तिघांपेक्षा कमी माणसे असतील तर रेकॉर्ड लावायचीच नाही. हा नियम ते कधी समजावून सांगत नसत.

त्या काळात तो कोणाला जाचत नव्हता. आम्ही चौघे होतो. साहेब आणि मी. सिरोंच्याकडचे तेलुगू बोलणारे एक औषध दुकानदार. आणि भामरागडच्या वाटेवरच्या नाक्यावर असलेला एक गोंड वनरक्षक. दुकानदार ऐन गर्दीच्या वेळी दुकानाचे शटर ओढून येत. बाहेर गिऱ्हाईक शिव्या देत उभे असे. वनरक्षक सायकलवर येई. नाला भरला असेल तर सायकल डोक्यावर घेऊन येई, दारात “जोहार” म्हणे, आणि ओल्या कपड्यांनी भिंतीला टेकून बसे. रेकॉर्ड संपली की त्याच्या पाठीचा ओला आकार भिंतीवर राहिलेला दिसे.

या दोघांत एकदा त्या गाणाऱ्या बाईवरून भांडण झाले. दुकानदार म्हणाले, ती रागावली आहे. वनरक्षक म्हणाला, रागावली नाही, संध्याकाळी जनावरे परतली नाहीत म्हणून हाका मारते आहे.

“जनावराला एवढं सूर लावून कोण बोलवतो, ओ?” दुकानदार म्हणाले.

“तुमच्याकडं जनावरं नाईत म्हणून तुमाले समजत नाई.”

“माझ्याकडे बायको आहे. राग मला समजतो.”

त्यानंतर बरेच रविवार ते एकमेकांशी बोलले नाहीत. दोघेही येत, दोन भिंतींना टेकून बसत, एकाच बाईचे गाणे ऐकत आणि निरनिराळ्या वाटांनी जात. साहेबांनी मध्यस्थी केली नाही. मी विचारले तेव्हा म्हणाले, “भांडू द्या. भांडण आहे तवर येतीन.”

या सगळ्यात साहेबांच्या पत्नी कुठे होत्या, हा प्रश्न तेव्हा आमच्यापैकी कोणाला पडला नाही. त्या स्वयंपाकघरात होत्या. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणत असू. चहा त्यांचा असे. कप न्यायला त्या येत, आणि रेकॉर्ड सुरू होण्याआधी आत जात.

वर्षे गेली. मी निवृत्त झालो आणि अहेरीतच राहिलो. जायला दुसरे ठिकाण नव्हते. वनरक्षक एका उन्हाळ्यात तापाने गेला. दुकानदारांना त्यांच्या मुलाने करीमनगरला नेले. जाताना ते समोरच्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, तो बरोबर होता. ती हाकच मारते.” साहेब म्हणाले, “हे त्याले सांगायचं होतं.” दुकानदार खाली पाहून निघून गेले.

आम्ही दोघे उरलो, आणि मिस्सा बंद पडली.

मी सुचवले, “साहेब, दोघेच ऐकू.”

“नाई.”

“ऐकणारे किती यावर गाणाऱ्यांचे काय अडते?”

“गाणाऱ्यायचं नाई अडत. आपलं अडते.”

तरी रविवारी मी जात असे. आम्ही चहा पीत असू. रेकॉर्ड प्लेअरवर बाईंनी शिवलेले कापड असे. आम्ही त्या कापडाकडे पाहत बसत असू आणि जेवणाची वेळ झाली की मी मागच्या खोल्यांत परतत असे. या बसण्यात दुःख होते असे मी म्हणणार नाही. कंटाळा होता, आणि सवय होती.

मग खोकला वाढला. मी त्यांना नागपूरला नेले. डॉक्टरांनी छातीचे फोटो उजेडापुढे धरले, साहेबांना बाहेर बसायला सांगितले आणि मला जे सांगायचे ते सांगितले. बाहेर आलो तेव्हा साहेब बाकावर बसले होते.

“पुढचा पावसाळा?” त्यांनी विचारले.

“कठीण आहे.”

त्यांनी मान हलवली. मग, मी न विचारता, ते बोलू लागले.

“तिथी थंडी एवढी का बोटं आपली वाटत नव्हती. एका मोठ्या हॉलात मागं उभं राहून आयकलं मी हे. बाजूले एक म्हातारी, हातात आलूची थैली. मंधातच तिनं माझं मनगट धरलं. मले वाटलं, पडून राह्यली. पडत नव्हती जी, आयकून राह्यली होती. दुसऱ्या हातानं तिनं तिकडच्या पोलिसवाल्याचं मनगट धरलं होतं. भाषा तिलेही समजत नव्हती, त्यालेही नाई, मलेही नाई. संपलं तसं सोडलं, थैली उचलली न् गेली. माझ्याकडं पाह्यलंही नाई.” ते खोकले. “दोघं असले का माणूस एकमेकाकडं पाह्यते. तिसरा असला का समोर पाह्यते.”

मी त्यांना पाणी दिले. परतीच्या गाडीत ते म्हणाले, “एकदा आयकायचं आहे, इंजिनिअर. तिसरा शोधा.”

मी शोधू लागलो. आयुष्यात मी कोणाच्या दारात काही मागायला उभा राहिलो नव्हतो. आता राहिलो. भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक गृहस्थ आले. तिघे झालो, रेकॉर्ड लागली. ऑर्गन सुरू होताच ते अस्वस्थ झाले आणि मोठ्याने म्हणाले, “पेटीले एवढं मारून काऊन राह्यले, जी?” साहेबांनी सुई उचलली. पुन्हा पहिल्यापासून लावण्यापूर्वीच ते गृहस्थ चपला घालून गेले होते. नंतर नवे वनपरिक्षेत्र अधिकारी आले. मुलगा सभ्य होता. त्याने रेकॉर्डचे वेष्टन पाहिले, मोबाइल काढला, बोट फिरवले आणि म्हणाला, “सर, ही तर यावर पूर्ण आहे. लिंक पाठवतो. कधीही ऐका, कुठेही ऐका.”

“मग तुमी घरीच आयका,” साहेब म्हणाले.

बँकेतले एकजण येतो म्हणाले आणि आले नाहीत. शाळेतले एक शिक्षक आले. त्यांना साहेबांच्या हस्ते बक्षीस वितरण हवे होते. बाजारातल्या लोकांना मी दिसलो की ते दुसरीकडे पाहू लागले. साहेबांचा सदरा त्यांच्या अंगावर सैल होत चालला होता. बसण्याऐवजी ते आता टेकत.

अशाच एका रविवारी आम्ही कापडाकडे पाहत बसलो होतो. आतून बाईंचा आवाज आला.

“आजही नाई का?”

“नाही, बाई,” मी म्हणालो. “तिसरा नाही.”

आत विळीवर काहीतरी चिरण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. आणि तेव्हा, इतक्या वर्षांनी, मला जे दिसायला हवे होते ते दिसले. मी साहेबांकडे पाहिले. त्यांनाही दिसले असावे, कारण ते भिंतीकडे पाहू लागले.

“ती नाई आयकत,” ते हळू म्हणाले. “तिले आवडत नाई.”

“आवडते का म्हणून कोणी विचारलं होतं?” आतून उत्तर आले.

साहेबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली. मग म्हणाले, “ये मग.”

“मी नाई येत. भाजी टाकायची आहे. आयकायचं असन तर इकडं या.”

साहेबांच्या चेहऱ्यावर मी राग पाहिला, मग त्या रागाला लागणारा श्वास त्यांच्याकडे नाही हेही पाहिले. ते भिंतीला धरून उठले. “पेट्या उचला, इंजिनिअर,” ते म्हणाले.

मी पेट्या उचलल्या. मिक्सरचा प्लग काढून तिथे रेकॉर्ड प्लेअर लावला. एक पेटी पिठाच्या डब्यावर, दुसरी पाण्याच्या माठाशेजारी. साहेब तांदळाच्या कोठीला टेकून जमिनीवर बसले. मी दाराशी. बाई विळीवरून उठल्या नाहीत.

रेकॉर्ड सुरू झाली. पितळी वाद्यांनी फोडणीच्या आवाजावर मात केली. साहेबांनी डोळे मिटले. दुसऱ्या भागात कुकरची शिट्टी झाली आणि सवयीने त्यांचा हात सुईकडे गेला.

“राहू द्या,” बाई म्हणाल्या. “कुकरच आहे.”

हात हवेत थांबला. मग खाली आला. त्या घरात मी पाहिलेली ही एकमेव शरणागती.

एकट्या बाईचे गाणे आले. ती वर चढत गेली, जिथे नेहमी चढते तिथे. बाईंनी कांदा चिरणे थांबवले. “हिले दरवेळेस पाणी नेऊन द्यावं वाटते मले,” त्या म्हणाल्या. “किती ताणते बिचारी.”

साहेब हसले. हसण्याचा खोकला झाला आणि तो लवकर थांबेना. बाईंनी एका हाताने त्यांची पाठ चोळली आणि दुसऱ्या हाताने मला खूण केली की बंद करू नका. मी केले नाही. त्या खोकल्यातून, फोडणीतून आणि शेजारच्या कोंबड्यातून मिस्सा शेवटपर्यंत गेली. ऑर्गन सुटला तेव्हा माठावरचे झाकण थरथरत होते.

सुई उचलल्यावर साहेबांनी आपलाच नियम मोडला.

“कसं वाटलं?” त्यांनी बाईंना विचारले.

“नेहमीसारखंच,” बाई म्हणाल्या. “जेवता का आता?”

त्यानंतर तो उन्हाळा येईपर्यंत दर रविवारी आम्ही स्वयंपाकघरात बसलो. बोलण्याचा नियम गेला होता. लाइन गेली तर जिथे थांबले तिथून पुढे लावत असू, कारण पुन्हा पहिल्यापासून ऐकण्याइतका वेळ साहेबांना बसवत नव्हते. तिघांचा नियम तेवढा राहिला. एका रविवारी बाई माहेरच्या लग्नाला गेल्या होत्या; त्या दिवशी साहेबांनी रेकॉर्डवरचे कापड काढू दिले नाही.

मोहाची फुले गळण्याच्या दिवसांत ते गेले. प्राणहिता नदीच्या काठी, सरणापाशी, मोजकी माणसे होती. परिक्षेत्र अधिकारी तेव्हा माझ्याजवळ आला आणि मोबाइलवर ती मिस्सा लावू का, असे विचारू लागला. चांगल्या भावनेने विचारत होता. मी बाईंना घरी येऊन सांगितले. “कायले?” त्या म्हणाल्या. “ते तर नाई आयकत आता.”

पुढचे महिने मी त्यांच्याकडे रविवारी जात नव्हतो. मागच्या खोल्यांत बसून असे. त्या स्वयंपाकघरातले आवाज मला भिंतीतून येत. भांडी, विळी, नळ. मधल्या वेळी काही नसे. श्रावणात एका रविवारी बाईंनी मला हाक मारली. स्वयंपाकघरात पेट्या जागेवर होत्या. कापड काढून घडी घालून ठेवलेले होते.

“लावा, भाऊ,” त्या म्हणाल्या.

“दोघेच आहोत, बाई.”

“ते आता विचारायले येणार आहेत का?”

“नाही.”

“मग?”

मी दाराशीच उभा राहिलो. बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. “तुमीही त्यायच्यासारखेच झाले,” त्या म्हणाल्या आणि मागच्या दाराने बाहेर गेल्या. मला वाटले, रागावल्या. त्या गल्लीतून परतल्या तेव्हा त्यांच्यामागे डोक्यावर टोपले घेतलेली एक भाजीवाली होती. पलीकडच्या खेड्यातली, उतारवयाची, पावसाने पदर ओला झालेली.

“बस जराशी,” बाई तिला म्हणाल्या. “पाणी पी.”

ती उंबऱ्यात बसली. टोपले तिने शेजारी ठेवले. अंबाडी आणि चवळाईच्या जुड्या होत्या. मी सुई टेकवली.

पहिल्या आवाजाला ती दचकली. मग पाण्याचा गडू हातात धरून ऐकू लागली. गायकवृंद सुरू झाल्यावर तिने बाईंना विचारले, “एवढे लोक कोणाले बोलावून राह्यले, बाई?”

“कोणास ठाऊक,” बाई म्हणाल्या. “मोप दिवसांपासून बोलावून राह्यले.”

तिने मान हलवली, जणू हे उत्तर पुरेसे होते. एकट्या बाईचे गाणे अजून यायचे होते. तेवढ्यात ऊन निघाले, उंबऱ्यातून आत आले आणि टोपल्यावर पडले. तिने जुड्यांकडे पाहिले, गडू खाली ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकले.

“जातो बाई. भाजी मरून जाईन.”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. सुई पुढे चालली होती. भाजीवाली उठली की आम्ही दोघे उरणार होतो.

मी एकटा माणूस. एक जुडी मला दोन वेळा पुरते. “थांबा,” मी म्हणालो. “टोपले माझे. सगळे.”

“सगळं?” ती म्हणाली.

“सगळे. तुम्ही बसा.”

ती पुन्हा बसली. बाईंनी परात पुढे ओढली, टोपले तिघांच्या मध्ये ठेवले आणि पहिली जुडी सोडली. एक मी घेतली, एक तिने. कोणी कोणाकडे पाहिले नाही. अंबाडीची पाने खुडत आम्ही समोर पाहत राहिलो, आणि वरच्या पट्टीत रेकॉर्डवरची ती बाई गाऊ लागली.